बिनविषारी

दानेश्वरीनं चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या आणि संगणकावरची ती ओळ पुन्हा वाचली.

‘असहमत. हा मांजऱ्या नाही, फुरसं आहे. अंगाच्या बाजूचे तिरके, करवती खवले पाहा.’

लिहिणारा चेन्नईचा एक अभ्यासक होता. जीवजातींच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या संकेतस्थळावर सापांच्या बाबतीत त्याचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. सोलापूरच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये, दुपारची सुस्ती होती. तिनं फोटो मोठा केला. धान्याच्या पोत्यांमागे वेटोळं, डोकं अर्धं दडलेलं, शेपूट दिसतच नव्हतं. आणि खवले तिरकेच होते.

बारा दिवसांपूर्वी, दोन तासांच्या मधल्या वेळेत, तिनं या फोटोखाली लिहिलं होतं : मांजऱ्या, माणसासाठी बिनविषारी. थोड्याच वेळात तिच्या विद्यार्थिनीनं, अपेक्षानं, त्याला दुजोरा दिला. दोन मतं जुळली की नोंदीवर ‘पडताळलेली’ असा हिरवा शिक्का उमटतो. तो उमटला होता.

अपेक्षा प्रयोगशाळेतच होती.

“तू खवले पाहिले होतेस?”

“नाही मॅडम. तुम्ही लिहिलं होतं ना, म्हणून...”

स्टाफरूममध्ये परत येऊन दानेश्वरीनं फोटोखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. तेव्हा तो वाचला नव्हता. ‘सांगोल्याजवळ आमच्या वस्तीवर, धान्याच्या खोलीत निघाला. मारायचा का?’ आणि तिच्या उत्तराखाली त्याच माणसाचं : ‘धन्यवाद मॅडम. मग राहू देतो. उंदीर तरी खाईल.’

तिनं आपला नंबर टाकून लिहिलं, ‘लगेच फोन करा.’

दहा मिनिटांनी फोन आला. मुलाचं नाव अमृत. सोलापुरातच एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीला गावी गेला की दिसेल त्या किड्यामकोड्याचे, पाखरांचे फोटो काढायचा.

“वस्तीवर कोण असतं?” तिनं विचारलं.

“आई. एकटीच.”

“अमृत, माझी चूक झाली. तो साप विषारी आहे. आईंना फोन करा, त्या खोलीत जाऊ नका म्हणावं.”

यंत्रांच्या आवाजात तो म्हणाला, “सकाळपासनं लावतोय म्याडम. लागत न्हाय.”

चुलता शेजारीच राहायचा, पण तो आज मंगळवेढ्याला गेला होता. दानेश्वरीनं गाडी काढली आणि अमृतला कारखान्याच्या फाटकावरून घेतलं. वाटेतूनच तिनं मंगळवेढ्याच्या मल्लेशला वस्तीचा पत्ता सांगितला. साप पकडून रानात सोडणारा तो तिच्या ओळखीचा होता.

रस्ताभर अमृत फोन लावत होता. क्रमांक संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं फोनमधली बाई दरवेळी त्याच शांत आवाजात सांगायची. फुरशाचा दंश बारीक असतो, टाचणी टोचावी तसा. मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं, थांबत नाही. दानेश्वरी हे दर वर्षी वर्गात शिकवायची. आता ते आठवू नये म्हणून ती मैलाचे दगड वाचत होती.

“आई मारणारच हुती,” अमृत मधेच म्हणाला. “मीच हात धरला. शपथ घातली तिला.”

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार सताड उघडं. चुलीतली राख गार. अमृतनं हाक मारली. मग जोरात मारली. डाळिंबाच्या बागेतून पाखरं उडाली, एवढंच. तो धान्याच्या खोलीकडे धावला, तसा दानेश्वरीनं त्याचा दंड पकडला. आपली पकड इतकी घट्ट असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“थांबा. आधी खाली बघा. पायाशी.”

“काय झालं रं?”

मागून आवाज आला. अमृतची आई, बजाबाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. अमृत खालीच बसला. दानेश्वरीनंच सगळं सांगितलं : आपण कोण, काय लिहिलं होतं, काय चुकलं.

बजाबाईनं भारा खाली टाकला आणि पदरानं तोंड पुसलं.

“फुरसं हाय, मला ठाव हाय की.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आंग घासून आवाज करतंय, करवतीवानी. माझी थोरली भण त्यानंच गेली. मी न वळखून कसं चालंल?”

“मग मला का न्हाय सांगितलंस?” अमृत म्हणाला.

“सांगितलं की. तू म्हणलास, म्याडमनी लिवलंय, त्यावर सही-शिक्का हाय. तुला काय कळतंय आये.” ती रागानं बोलत नव्हती. “वर शपथ घातलीस. मग मी त्या खोलीला कडी घातली, चुलत्याकडनं पीठ आणलं. बारा रोज भाईर झोपती. कंदील रातभर जळतो. डोळा लागतच न्हाय बघा बाई. पानाची सळसळ झाली तरी उठून बसती.”

दानेश्वरीला खाली बघावं लागलं. बजाबाईचे डोळे लाल होते आणि हाताला गवताची पाती चिकटली होती.

मल्लेश आला. कडी काढून, बॅटरी लावून, एकेक पोतं बाजूला सारत गेला. तिसऱ्या पोत्याखाली आवाज सुरू झाला, कोरडा, खरखरीत. अमृतनं तो पहिल्यांदाच ऐकला. मल्लेशनं चिमट्यानं साप उचलून बरणीत घातला, झाकण फिरवलं आणि बरणी उजेडात धरली. डोक्यावर बाणाची खूण स्पष्ट होती.

“फुरसंच,” तो म्हणाला.

दानेश्वरीनं मान हलवली. तिनं फोन काढून चुकीची नोंद दुरुस्त करायला घेतली, पण नेटवर्क येत नव्हतं.

अमृत उठला. अंगणात कडेला आईची बाज होती. त्यानं ती उचलली आणि दाराकडे निघाला.

“आता आत टाकतो आई. आज नीट झोप.”

“ऱ्हाऊ दे भाईरच,” बजाबाई म्हणाली. ती धान्याच्या खोलीच्या उघड्या दाराकडे, पोत्यांमागच्या अंधाराकडे बघत होती. “एकच हुतं, असं कुणी लिवून दिलंय व्हय?”