कानानं मोजलेली साखर

आमचे हे एकदा सोवळं नेसले, की साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्यानं लांबूनच बोलावं. तिथं साखर तपासायच्या मशीनची काय पत्रास. बोट टोचलं की रक्त, आणि रक्त आलं की सोवळं मोडलं. म्हणून पूजेच्या दिवशी मी ह्यांची साखर कानानं मोजते. मागं सतरंजीवर बसायचं आणि मंत्र ऐकायचे. आवाज खणखणीत असला की ठीक. शब्द ओढत यायला लागले की समजायचं, साखर उतरतेय, नैवेद्य लवकर उरकायला हवा. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. मी हसले नाही.

इन्शुलिनची सुई सकाळ-संध्याकाळ मीच देते, कारण पेनावरचे आकडे ह्यांना नीट दिसत नाहीत. सुरुवातीला माझे हात थरथरायचे. नवस काय, उपास काय, सगळं केलं. आता काही होत नाही. कणीक मळावी तशी सुई देते. शेजारच्या दाक्षायणीवहिनी म्हणतात, "पद्मजाताई, तुमचा धीर मोठा." धीर कसला डोंबलाचा. एकाच मांडीवर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसं आतून झालंय. काळजी वाटत नाही, काळजीचं काम तेवढं होत राहतं.

ह्यांची अट एकच, यजमानांना कळता कामा नये. मधेच घेरी येणाऱ्या गुरुजींना वास्तुशांतीला कोण बोलावणार? आमचं पोट त्यावर, आणि ह्यांचा मानही त्यातच. "चारचौघांत माझ्या तोंडात काही कोंबायचं नाही," असं मला बजावून ठेवलं होतं. मीही शब्द दिला होता.

परवा कुंभारीला जोतिरामच्या घराची वास्तुशांत होती. मूळची वळसंगची शेतकरी मंडळी. जोतिराम सोलापुरात कारखान्यात लागला आणि आता कुंभारीत त्यानं घर बांधलं. "काकू, बाराला पानं वाढतो की," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. त्या भरवशावर मी सकाळची सुई दिली. पूजेआधी जेवायचं नाही म्हणून ह्यांनी नुसतं दूध-केळं घेतलं, आणि स्कूटरवर मागं बसले. स्कूटर मीच चालवते.

होम झाला. बारा वाजून गेले. नैवेद्याचं ताट तयार होतं, पण जोतिरामची आई मथुराबाई दारातून हलायला तयार नाहीत. सुनेचा भाऊ मैंदर्गीहून आहेर घेऊन निघाला होता आणि त्याची जीप वाटेत बंद पडली होती.

"म्हायेरचा आहेर आल्याबिगर निवद कसा दावायचा?" मथुराबाई म्हणाल्या. "गुरुजी, वाईच थांबा की."

हे थांबले. वेळ काढायला स्तोत्रं म्हणू लागले. मी हळूच म्हटलं, "मथुराबाई, तोवर गुरुजींना कपभर दूध तरी द्या." त्यावर ह्यांनी मागं न वळताच सांगितलं, "नैवेद्याआधी काही नको." मथुराबाईंनी कौतुकानं मान डोलावली. गुरुजी लई कडक, असं त्या कुणाला तरी म्हणाल्या.

जीप काही येईना. ह्यांचा आवाज जड झाला. मग स्तोत्र अर्धवट सोडून ह्यांनी एकदम आशीर्वादाचे मंत्रच सुरू केले. तिथं यजमानाचं गोत्र आणि नाव घ्यायचं असतं. ह्यांनी गोत्र घेतलं ते आमचं. मी कान टवकारले. पुढं नावापाशी अडखळले, आणि म्हणाले, पद्मजा. दीर्घ आयुष्य मागितलं, पद्मजेला. आरोग्य मागितलं, तेही पद्मजेला. मग पुन्हा पहिल्यापासून तेच. जोतिराम बिचारा हात जोडून प्रत्येक वेळी मान हलवत होता. त्याला संस्कृत कुठलं कळायला.

मी उठले. देवापुढं साखरेची वाटी होती, वर तुळशीचं पान. मी पान बाजूला काढलं.

"ओ काकू, निवद दावायचा हाय अजून," मागून कुणीतरी म्हणालं.

ह्यांची उघडी पाठ घामानं निथळत होती. मी खांदा धरला, सोवळं तिथंच मोडलं. चिमूटभर साखर ओठाशी नेली तर ह्यांनी दात घट्ट मिटले. बाकी सगळं विसरले होते, नैवेद्य तेवढा लक्षात होता.

"अहो, मी पद्मजा. तोंड उघडा."

नाव ऐकलं आणि तोंड उघडलं. मी साखर घातली, गिळल्याची खात्री केली, पुन्हा घातली, मग साखरपाणी पाजलं. माणसं भोवती जमली. मला भीती वाटली नाही. नव्या फरशीवरचं कंपनीचं लेबल अजून काढलेलं नाही, एवढंच दिसत होतं.

"गुरुजींना काय हुतंय?" जोतिरामनं विचारलं.

"मधुमेह आहे. इन्शुलिनवर असतात," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मथुराबाईंनी उष्टी वाटी उचलली आणि दुसरी मांडली. थोड्या वेळानं आहेर आला. हे सावरले, पुन्हा आंघोळ करून ओलेत्यानं आरती केली, जेवले. निघताना जोतिराम फाटकापर्यंत आला. पुढच्या महिन्यात त्याच्या चुलत्याची वास्तुशांत ह्यांनीच करायची ठरली होती.

"चुलत्याचं त्यांचं ते बघत्याल, गुरुजी," तो खाली बघत म्हणाला. "तुमी जीवाला जपा."

घरी आल्यावर संध्याकाळी मी साखर तपासली, ताट वाढलं आणि सुई घेऊन समोर बसले.

"शब्द मोडलास," हे म्हणाले.

"मोडला."

"आता कोण बोलावणार मला?"

मी पेनाचं टोपण काढलं. मग ह्यांनी विचारलं, "आशीर्वादात चुकलो का गं मी?"

"नाव चुकलं."

"कुणाचं घेतलं?"

मी पेनावर आकडा लावत होते. इतकी वर्षं ह्या घरात आयुष्य मागायचं ते ह्यांच्यासाठी, असंच मी धरून चालले होते. माझंही कुणी मागत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. आकडा दिसेना. पदरानं डोळे पुसून मी तो पुन्हा तपासला.

"सांगते. आधी पोट पुढं करा."

सुई टोचली.

"दुखलं," हे म्हणाले.

आजवर कधी असं म्हणाले नव्हते. माझा हात थरथरला होता.