कवडूच्या दारचं पाणी

शामलाच्या लग्नाची पत्रिका, अन् तिच्या सख्ख्या मामाले पोस्टानं! काय म्हणावं या माणसाले? आमच्या ह्यांले गांधीबागेतल्या दुकानातून उठाची फुरसत नाही, म्हणून दिली पेटीत टाकून. मामाच्या घरी कुंकू-अक्षता घेऊन जावं लागते, हे शेंबड्या पोरालेही समजते. रुसला ना मंग कवडू! माझाच भाऊ आहे तो. निरोप धाडला, "पोस्टमनले उभं करा पोरीच्या पाठीशी."

लग्न परवावर आलेलं. मामा पाठीशी नसंल तर माझी पोर बोहल्यावर चढत नाही, असं घरात ठणकावलं अन् सकाळीच रामटेकची बस धरली. तिथून माहेरापर्यंत पायवाटच. एक टेकडी उतरली का दुसरी हजर. मार्गशीर्षातला गारठा, नाक बधिर झालं होतं. वाळल्या गवताची कुसळं लुगड्याले चिकटून पोटऱ्यांले टोचत होती. बकऱ्या चारणारा एक म्हातारा म्हणे, "एकटी कुठं चालली वं बाई?"

"भावाले आणाले," म्हटलं, अन् थांबली नाही.

दुपारी पोचली. कवडू अंगणात बाजेवर बसला होता. वर न पाहता म्हणाला, "बसा."

बसा! मोठ्या बहिणीले! जन्मभर "बस वं बाई" म्हणणारा हा! डोकंच फिरलं माझं. त्याची बायको पुष्पलता लोटाभर पाणी घेऊन आली.

"नाही घेत. माझ्या पोरीचा मामा घरी असंल, तवा पिईन."

कुंकू-अक्षता उंबरठ्यावर ठेवल्या अन् आल्या पावली फिरली. त्यानं थांब म्हटलं नाही. पहिल्याच चढावर रडू आलं, खूप आलं. घशाले कोरड पडली होती. पण मागं वळून पाहिलं नाही.

टेकडीच्या माथ्यावर मागून धापा ऐकू आल्या. कवडू! अनवाणी. एका हातात लोटा, काखेत गाठोडं.

"पाणी पी, बाई."

"आधी बोल."

त्यानं गाठोडं सोडलं. आत पिवळं पातळ, मामानं नवरीले नेसवाचं.

"दिवाळीलेच घेऊन ठेवलं होतं," म्हणे.

"मंग रुसला काहून गा?"

"तू आणाले येतं का नाही, पाहून राहिलो होतो."

लोटा घेतला, घटाघटा पाणी पिली, अन् मंग त्याच्या पाठीत एक रट्टा ठेवून दिला.