पवित्र आत्म्याला पुकारा

हिरामण आणि त्याचा मेहुणा धर्मराज यांचं बोलणं बंद झालं ते येशू जन्माच्या आधी होता की नव्हता, यावरून. चौपन्न सालचा उन्हाळा होता. दोघेही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर, आणि मोरिवलीत आण्णांच्या चाळीत शेजारी-शेजारी राहत. रविवारची प्रार्थना हिरामणच्या खोलीत व्हायची. तिथेच धर्मराज एकदा उठून म्हणाला, "पुत्र मरियेच्या पोटी आला तेव्हापासून. त्याआधी तो नुसता देवाच्या मनात होता, गवंड्याच्या मनात घर असतं तसा."

"मनातल्या घरात कुणी राहतं का?" हिरामण ओरडला. "तो जगाच्या आधीपासून आहे! पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं मिळून एक देव!"

हिरामणची बायको बकुळा, म्हणजे धर्मराजची धाकटी बहीण, यात भरडली गेली. तिच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता आणि मामा म्हणत होता, "तीन नावांनी पाणी शिंपडणार असाल तर मी येत नाही." शेवटी ती मुलीला घेऊन आण्णांकडे गेली. आण्णा गावचे पाटील. बांधाचे, विहिरीचे, सगळे तंटे तेच मिटवत.

"भांडन कशाचा हाय?" आण्णांनी विचारलं.

"बाप-लेकाचं."

"वाटनीचा?"

बकुळाला समजावत बसायचं त्राण नव्हतं. "तसंच समजा," ती म्हणाली.

रविवारी चिंचेखाली पंच बसले.

"बाप कोन?" आण्णांनी सुरुवात केली.

"देव," दोघे मेहुणे म्हणाले.

आण्णा जरा सावरून बसले. पण बसलेली पंचायत उठवायची त्यांची रीत नव्हती. "आन लेक म्हनतो का, मी आधीपासना हाय?"

"होय. बापाइतकाच," हिरामण म्हणाला.

"मंग त्याला लेक कसा म्हनायचा?"

धर्मराज खुशीत हसला. आण्णा त्याच्याकडे वळले. "तू हसू नको. लेक नव्हता तवा बाप हा बाप कसा? पोर व्हायच्या आधी मना कोनी बाप म्हनला नाय."

पोटातल्या लेकाला वाटा मिळतो, यावर पंचांचं एकमत झालं. पोटाच्याही आधीचं मात्र कुणाला सांगता येईना.

"तिघंही आधीपासून आहेत," हिरामण पुन्हा म्हणाला.

"तिसरा पक्षकार कोन?" आण्णांनी विचारलं.

"पवित्र आत्मा," हिरामण म्हणाला.

"पुकार त्याला."

बाळा कोतवाल पारावर चढला आणि घसा ताणून ओरडला, "पवित्र आत्मा हाजिर हो! हाजिर हो!"

"आलो, आलो!" रस्त्यावरून आवाज आला.

सायकलवरून उतरला हजारीमल. फाळणीत सिंध सोडून आलेला, निर्वासितांच्या कॅम्प पाचात राहणारा, गावोगाव कापड विकणारा सिंधी. 'हाजिर'मध्ये त्याला 'हजारी' ऐकू आलं होतं.

पुकाऱ्याला जो आला त्याची साक्ष घ्यायची, हा आण्णांचा नियम. त्यांनी विचारलं, "सांगा शेट, आधीपासना होता का नव्हता?"

हजारीमलला वाटलं, तिकडे सुटलेल्या घराची भरपाई देणाऱ्या कचेरीतलेच हे लोक. "होतो ना, साब! शिकारपूरला होतो. तीन मजली घर होता, आंगनमें कुआँ होता. इकडे ऑफिसमध्ये बोलतात, प्रूफ दाखव. अरे बाबा, मी काय कॅम्पमध्ये पैदा झालो? त्याच्या आधी पण मी होतो!"

त्याचा आवाज फाटला. धर्मराजने उठून त्याला पारावर बसवलं, पाणी आणून दिलं. "होता तुम्ही, शेट. कोण नाही म्हणतं?"

"झाला तर!" आण्णांनी मांडीवर थाप मारली. "तिसऱ्यानं साक्ष दिली, धर्मराजनं कबूल केला. लेक आधीपासना होता. उठा."

"आण्णा, मी शेटबद्दल बोललो!" धर्मराज किंचाळला.

"आणि शेट काही पवित्र आत्मा नव्हेत!" जिंकलेला हिरामणही ओरडला.

"पुकारल्यावर दुसरा कोनी आला का?" आण्णा म्हणाले आणि जेवायला गेले.

दोघे मेहुणे बरोबरच चाळीकडे निघाले. वाटभर आण्णांना शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, यावर ते बोलत राहिले. "दाजी, बाप-लेक म्हणजे काय शेताचा तुकडा आहे?" धर्मराज म्हणत होता. दारात उभ्या बकुळाने आत जाऊन दोघांची पानं शेजारी-शेजारी मांडली.

बाप्तिस्म्याला धर्मराज आला. "माझं मत बदललेलं नाही," असं त्याने दारातच बजावलं आणि अगदी मागे उभा राहिला. पाळकाने पित्याच्या नावाने पाणी शिंपडलं, पुत्राच्या नावाने शिंपडलं, तशी पोरगी काळीनिळी होऊन रडायला लागली. कुणाकडेच थांबेना. धर्मराज गर्दीतून पुढे आला, तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि सरळ अंगणात निघून गेला.

पाळकाने जरा वाट पाहिली. मग पाण्याची वाटी घेऊन तोही बाहेर गेला, आणि येरझाऱ्या घालणाऱ्या मामाच्या मागे मागे चालत त्याने तिसरं नाव उच्चारलं. पाणी दोघांवरही उडालं.

"हळू हो," धर्मराज म्हणाला, "आत्ता कुठे डोळा लागतोय तिचा."