वीणेचा नेम आणि वळवाचा अंदाज

वडूजजवळच्या आमच्या वाडीत ऐन वळवाच्या दिवसांत हरिनामाचा सप्ता बसला होता. एकदा सप्ता बसला की वीणा खाली टेकवायची नाही, हा आमचा नेम. या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण नाद तुटत नाही. त्या दुपारी ती वाडीतल्या वडीलधाऱ्या नानासोंच्या गळ्यात होती. माळावर लोखंडी खांबांचा मंडप. कीर्तनात बुवांनी बाळ ध्रुवाला नुकतंच रानात सोडलं होतं आणि आमच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते.

तेवढ्यात नानासोंची नात अंकिता मोबाइल घेऊन आत आली. पोरगी पुण्याला हवामानाचा अभ्यास करते. घाटाकडनं ढग चढतायत, तासाभरात विजा पडू शकतील, या खांबांखाली बसू नका, असं तिनं सांगितलं.

बायकांतली म्हातारी हरणाबाई फटकन म्हणाली, "मागल्या खेपेला बी हीच बोलली हुती. आमी पळत जाऊन कडबा झाकला, आन् कडक ऊन पडलं."

सगळे हसले. अंकिताचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. "नक्की कुठं पडंल ते न्हाई सांगता येत, आजी. एक गाव भिजतं, शेजारचं कोरडं. पण आपल्यावर आलं तर माणसं हितं नकोत."

आता लोक चुळबुळले. पण नानासो जागचे हलेनात. सगळे उठून गेले तर कीर्तन मोडायचं, आणि सप्त्याची वीणा मंडपाबाहेर कशी न्यायची? ते राहिले म्हणून मग कोणीच उठेना.

बुवांनी टाळ थांबवले. "वीणा ठेवायची न्हाई, एवढाच नेम हाय ना? ती चालायची न्हाई, असं कुणी सांगितलंय?"

आणि त्यांनी नामाचा गजर धरला. पुढं नानासो, मागं टाळकरी, मृदंग, डोक्यावर सतरंज्या घेतलेल्या बाया. गजर करत सगळे शाळेच्या पक्क्या खोल्यांत आलो, आणि ध्रुवाची कथा सोडली तिथून पुढं सुरू झाली.

आभाळ काळंकुट्ट झालं, धूळ उठली, लांब गडगडलं. गारा पडल्या त्या पलीकडच्या गावांत. आमच्याकडं चार टपोरे थेंब पडले आणि पुन्हा ऊन आलं.

कीर्तन संपल्यावर कोणी तरी खोकल्यासारखं हसलं. अंकिता पायरीवर मान खाली घालून बसली होती. माझ्या जिवाला लागलं. आज हिला हसण्यावारी नेलं, तर ही पोर पुन्हा तोंड उघडायची नाही, आणि ज्या दिवशी खरंच पडेल त्या दिवशी आम्हाला सांगणार कोण?

नानासो वीणा छेडतच बाहेर आले. नातीजवळ उभे राहिले.

"पोरी, उद्याचं काय?"

तिनं वर पाहिलं. मोबाइलवर बराच वेळ काहीबाही बघितलं. "उद्या बी येऊ शकतं, नाना. आजच्यापेक्षा थोडं जास्तच वाटतंय."

हरणाबाई सतरंजी डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत गेली होती. ती थांबली, माघारी आली, आणि सतरंजी वर्गात टाकत म्हणाली, "मग ही कशाला वागवायची परत? ऱ्हाऊ द्या हितंच."