फौजेत नसलेला शब्द

सुभेदार चंगप्पा पलटणीतून निवृत्त होऊन कोडगूला परतला, पण घरात पलटण तशीच चालू राहिली. स्वयंपाकघर म्हणजे लंगर, गावच्या वावड्या म्हणजे लंगर-गप आणि ज्यानं कधी वर्दी घातली नाही तो सिव्हिल. त्याच्या बायकोला, बोजम्माला, हे अंगवळणी पडलं होतं. धाकटा भाऊ सोमय्या मात्र कॉफीचा मळा बघत गावीच राहिलेला, म्हणजे अस्सल सिव्हिल.

मागच्या कैलपोळ्दला, म्हणजे शस्त्रपूजेच्या सणाला, झाडावरच्या नारळावर नेम धरताना सोमय्याचा बार हुकला. पंगतीत चंगप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "सिव्हिलच्या हातात बंदूक, म्हणजे नारळाला पेन्शन!"

लोक हसले. सोमय्या भरल्या ताटावरून उठला, तो पुन्हा फिरकला नाही.

यंदाचा सण जवळ आला तशी बोजम्मा म्हणाली, "अहो, जाऊन माफी मागा. नाहीतर सणाचं डुक्कर तुम्हीच रांधा."

चंगप्पानं बुटांना पॉलिश केलं आणि निघाला. खात्री नव्हती म्हणून ती मागोमाग गेली.

सोमय्या अंगणात मिरी वाळत घालत होता. चंगप्पा ताठ उभा राहिला आणि कवायतीच्या आवाजात गरजला, "जैसे थे!"

कोंबड्या पळाल्या.

"म्हणजे काय, अण्णा?"

"हुकूम चुकला की असं म्हणतात. मग सगळे आधीच्या जागी जातात."

"चुकतो कोण? जवान?"

"नाही. हुकूम देणारा."

"म्हणजे इथं कोण?"

चंगप्पानं मिरीवर नजर रोखली. "मी."

"मग सरळ माफ कर म्हण की!"

"फौजेत तो शब्द नाही."

"घरात आहे," मागून बोजम्मा म्हणाली.

"चुकलो रे," चंगप्पा म्हणाला. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं, इतकं हळू. सोमय्याला गेलं.

"आधीची जागा म्हणजे तुमची पंगत ना?" असं म्हणत सोमय्यानं पायात चपला सरकवल्या, थेट चंगप्पाच्या घरी जाऊन बसला आणि ताटाची वाट बघू लागला. चंगप्पाही शेजारी बसला. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते.

बोजम्माला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. घरात सकाळचे कडंबुट्टू, तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, तेवढे उरलेले. ते वाढून ती जावेला, पोन्नम्माला, बोलवायला निघाली, तर ती फाटकातच भेटली. हातात डुकराच्या रश्शाचं गरम पातेलं.

"मला कुणी विचारलंच नाही," पोन्नम्मा म्हणाली. "पण कोरडं काय खाणार ते? सरक, हात भाजतोय."