सरबताच्या लेबलावरचा चेहरा

ऐका ना, मधे बोलू नका. सरांनी मला कलिंगडाच्या सरबताचं लेबल काढायला दिलं. म्हणाले, "जुन्या जाहिरातींसारखं काढ. काळा माणूस, दात विचकून कलिंगड खातोय. हल्ली जुनंच खपतं."

मग मी जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं उपसली, आणि बसलोच. अरे, आधी तसली चित्रं नव्हतीच. तिथले काळे लोक गुलाम होते तोवर मला एकही सापडलं नाही. सुटका झाल्यावर त्यांनी स्वतःची कलिंगडं लावली, स्वतःच विकली, मळ्यावर राबायला जाईनात. गोऱ्या मळेवाल्यांना मिरच्या झोंबल्या, आणि पाठोपाठ ही चित्रं सुरू. आळशी, हावरट, हनुवटीवरून रस गळतोय. म्हणजे ज्याच्या जोरावर ते उभे राहिले, त्याचीच टिंगल करून टाकली.

सरांना सांगितलं. तर म्हणाले, "बाटली घेताना इतिहास कोण वाचतो रे?" आणि मी मुकाट काढायला बसलो. सगळं कळूनसवरून.

चित्रात जीव येईना. आमच्याकडे सवयच आहे, चेहरा अडला की समोर दिसेल त्याचा उचलायचा. समोर लंब्या. त्याच काळ्या लोकांतला, आमच्याकडे नुकताच कामाला लागलेला. बहिणीशी फोनवर खिदळत होता. माझा हात आपोआप चालला. सर खूश.

आज नमुना भिंतीवर लागला. लंब्या डबा घेऊन त्याच्यासमोर उभा.

"हा मीच ना रे?"

"छे, कुणीही असेल." माझी जीभ काय पटकन वळली.

"आई आम्हाला चारचौघांत कलिंगड खाऊ द्यायची नाही," तो म्हणाला. "घरात, पडदे ओढून. म्हणायची, लोक हसतील."

धावत सरांकडे गेलो. म्हटलं, चेहरा लंब्याचा आहे, त्याला न विचारता घेतलाय, छपाई थांबवा. वाटलं, सुटलो.

सरांनी काय करावं? लंब्यालाच हाक मारली, सगळ्यांसमोर. "काय राव, हा चेहरा तुझाच म्हणे. तुझी काही हरकत?"

तो माझ्याकडे बघतोय. म्हणजे माझी थापही उघडी पडली. नवीन नोकरी, काय बोलणार तो?

"नाही, सर."

"झालं तर मग. छापा."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, माझी आहे हरकत, चित्र माझं आहे. अगदी ओठांवर आलं होतं रे. पण मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसलो. टोक असलेल्याच पेन्सिलीला. खाली मशीन सुरू झालं, तरी करतच होतो.