थंडाबाबांचा हात

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली. जान्हवीने धावत जाऊन गॅस बंद केला. नितेश भिंतीला टेकून बसला होता, कालपासून तसाच. काल टेकडीच्या चढावर त्याच्या व्हॅनने पुन्हा वाफ सोडली होती, तीही शाळेची पोरं आत असताना. आणखी एकदा असं झालं तर मुलं दुसऱ्या गाडीत घालू, असं पालकांनी बजावलं होतं. गॅरेजवाला म्हणाला होता, आता इंजिन बसलं तर गाडी सरळ भंगारात. त्या जुन्या व्हॅनवर घर चालत होतं. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती.

"गाडीक नजर लागली हा," सासूबाई, शेवंती, म्हणाल्या. "माका पयल्यापासून दिसता."

पहिल्यांदा गाडी तापली तेव्हा त्यांनीच तिची ओटी भरली होती. नारळ, तांदूळ, खण, सगळं लाल कापडात गुंडाळून पुढच्या जाळीवर घट्ट बांधलं होतं. गाडी त्यांना घरातली लेकच वाटायची. ती पुन्हा तापली, तेव्हा वरून दुसरी ओटी आली.

तेवढ्यात खालच्या मैदानातून शंख ऐकू आला. नितेश उठला. "थंडाबाबा आलेत, तापलेल्या गाड्या नुसत्या हाताने गार करतात ते. मी गाडी घेऊन जातो."

जान्हवी थांब म्हणाली नाही. पाच वर्षांच्या ऋताला कडेवर घेऊन तीही मागे निघाली. घाटकोपरच्या त्या मैदानात टेम्पोवाले, व्हॅनवाले, त्यांच्या बायका, सगळे दाटीने उभे होते. मधोमध पांढऱ्या लुंगीतले थंडाबाबा.

"लोखंडालाही ताप येतो," बाबा सांगत होते. "मेकॅनिक काय करतो? एक पार्ट काढतो, दुसरा बिघडवतो. मी पार्ट काढत नाही, ताप काढतो. बारा वर्षं हिमालयात बर्फावर बसून ही थंडी हातात उतरवलीये."

बारा वर्षं बर्फावर बसलेल्या या माणसाला व्हॅनची पुढची सीट कशी उचलायची हे मात्र नेमकं ठाऊक होतं. या गाडीचं इंजिन त्या सीटखालीच असतं. मैदानापर्यंत येतानाच इंजिनाचा ताप दाखवणारा काटा लाल पट्टीला टेकला होता.

"चावी चालू ठेव, बेटा. सगळ्यांनी काट्यावर डोळे ठेवा. माझ्याकडे बघाल तर ताप तुमच्या अंगावर येईल."

सगळे वाकून काट्याकडे बघू लागले. बाबांनी भस्माचा हात सीटखाली घातला, काहीतरी पुटपुटले, आणि काटा लालवरून घसरत घसरत पार खाली, गारच्या खुणेवर जाऊन निजला. बायकांनी हात जोडले. नितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. जान्हवीने ते पाहिलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा सैल झाला होता.

"आता अमावास्येपर्यंत ही सीट उचलायची नाही," बाबांनी बजावलं. "इंजिनाच्या पाण्याचं झाकणही उघडायचं नाही. उघडलंस तर ताप घरातल्या लहानग्यावर उतरेल." आणि जाळीवर तिसरं लाल कापड बांधलं.

जान्हवीने ऋताला छातीशी घट्ट धरलं.

सोमवारी काटा दिवसभर झोपलेला होता. नितेश शीळ घालत गाडी चालवत होता. मुलांना सांभाळायला जान्हवी त्याच्या शेजारी बसायची, ऋताला घेऊन. परतताना ऋता म्हणाली, "आई, सीट भाजतेय." जान्हवीने ओढणीची घडी करून तिच्याखाली सरकवली. "ऊन आहे ना गं, बस गप."

मंगळवारी दुपारी मागे पोरांचा कल्ला चालला होता. चढ सुरू झाला आणि ऋता रडकुंडीला आली. "आई, काटा झोपलाय, पण सीट उठलीये."

मागची पोरं हसली. जान्हवी हसली नाही. तिने घडी बाजूला करून सीटवर तळवा टेकवला आणि झटक्यात उचलला. करपल्यासारखा वास येत होता.

"नितेश, गाडी बाजूला घे."

"वेडी झालीस का? काटा बघ ना, थंड आहे."

"तेच बघतेय. सकाळी चावी फिरवायच्या आधी तो जिथे असतो तिथेच आहे. अर्धा तास गाडी चाललीये. चालू इंजिन इतकं गार असतं का रे? काटा मधोमध तरी हवा होता."

"बाबांचा हात आहे तो."

"गॅस बंद केला तरी दुधाचं पातेलं कितीतरी वेळ हातात धरवत नाही. आणि तापलेलं लोखंड एका क्षणात गार? थांबव, नितेश. मागे लोकांची पोरं आहेत."

त्याने ब्रेक मारला. तिने मुलांना उतरवून फुटपाथच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत उभं केलं. नितेश इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "सीट उचलली आणि ऋताला काही झालं तर?"

"न उचलता काय होणार होतं, ते कळतंय का तुला?" भीती तिलाही होतीच. सीट तिने स्वतः उचलली.

गरम वाफेचा भपका आला. खाली, इंजिनाच्या अंगाला, एक वायर सुटून लोंबत होती. टोकाला भस्म लागलेलं होतं. नितेशने ते भस्म बोटावर घेऊन बघितलं. मग त्याने वायर जागेवर दाबली आणि चावी फिरवली. काटा उठला आणि सरळ लाल पट्टीत गेला.

"ही सेन्सरची वायर," तो हळूच म्हणाला. "ही काढली की काट्याला काही कळतच नाही. तो खालीच पडून राहतो."

मुलांना पालक येऊन घेऊन गेले. इंजिन पूर्ण निवेपर्यंत दोघं थांबले, कारण तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मग नितेशने ओलं फडकं धरून झाकण फिरवलं. आत पाणी दिसेना. पाण्याची नळी आवळून धरणारा क्लॅम्प सैल झाला होता, तिथून थेंब थेंब गळत होतं. आधी तो रोज सकाळी पाणी बघायचा. बाबांनी तेवढंही बंद केलं होतं. आणि वारा ज्या जाळीतून आत जायचा, तिच्यावर एकावर एक तीन कापडं. तापाला उतारा म्हणून बांधलेल्या ओटीनेच गाडीचा श्वास कोंडला होता.

क्लॅम्प बदलला, पाणी भरलं, ओट्या सोडल्या. संध्याकाळी व्हॅन मैदानात आली तेव्हा काटा बरोबर मधोमध होता. बाबा एका टेम्पोची सीट उचलायच्या बेतात होते.

"बाबा, जरा मी थंडी उतरवू?" जान्हवीने विचारलं. "सगळ्यांनी काट्याकडे बघा. आणि माझ्या हाताकडेही बघा, ताप अंगावर येणार नाही."

तिने वायर ओढली, काटा निजला. लावली, काटा उठला. पुन्हा ओढली.

"ही बाई अपवित्र आहे," बाबा म्हणाले.

"असेल," मागून टेम्पोवाला भीमराज म्हणाला. "पण काटा तिचंही ऐकतोय की. तुमचा हिमालय काय, इथे शेजारच्या भटवाडीतच आहे का?"

हशा पिकला आणि बाबांनी झोळी उचलली.

"हसू नका," जान्हवी म्हणाली. "आम्ही घाबरलेलो होतो, म्हणून फसलो. तुम्हीही घाबराल कधीतरी. तेव्हा एवढंच करा. कुणी म्हणालं इकडे बघू नका, तर तिकडेच बघा. झाकण उघडू नका म्हणालं, तर का ते विचारा. गाडीला नजर नसते. पाणी लागतं, वारा लागतो."

घरी शेवंती सोडलेल्या खणांच्या घड्या घालत बसल्या होत्या. "माझ्याच हातान बांधलंय गे मी," त्या पुटपुटल्या. जान्हवी त्यांच्या शेजारी जाऊन टेकली. ऋता मांडीवर येऊन बसली, आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई, सीट भाजतेय, हे मी तुला काल पण सांगितलं होतं ना?"

"हो गं."

"मग काल का नाही बघितलंस?"